ब्रॅडगेट पार्कातली हरणं मारणं बंद करावं का?

लेस्टरची वहिनी:
रविवारी पोरांना घेऊन इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या ब्रॅडगेट पार्कात गेलो होतो, नेचे मस्त तांबूस पडलेत, एक नर तर शिंगात नेच्याचा भाराच अडकवून मिरवत होता. मग कळलं की संख्या आटोक्यात ठेवायला दरवर्षी काही हरणं गोळी घालून मारतात आणि मटण विकतात!! ८०० हून जास्त एकर रान आहे, निसर्ग बघेल की त्याचं तो. बंद करा हे.

खडूस काका:
वहिनी, रान कसलं, १२४१ पासून नोंद असलेलं सरदारी कुरण आहे ते. तेव्हाच्या अशा कुरणांना मातीचा बांध, वर ओकच्या फळ्यांचं कुंपण आणि चर मात्र आतल्या बाजूला, त्यामुळे आतलं हरीण चरात उतरलं की एवढी उंच उडी त्याच्या बापाला जमायची नाही, आणि काही ठिकाणी बाहेरच्याला आत उडी मारता येईल अशी खास जागा ठेवायचे. जिवंत मटणाची कोठी हो! इथली फॅलो जातीची हरणं तर इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी आणलेली. लांडगे कधीच संपले, भोवती दगडी भिंत, मग निसर्ग बघणार कसा?

रानवाट:
काकांना +१. हरणं असतात तिथली झाडं बघा, खालची पानं एका रेषेत कात्रीने कापल्यासारखी, तोंड पोचतं तिथपर्यंत साफ. हरणं वाढली की ओकचं रोपटं वर येतच नाही.

लेस्टरची वहिनी:
पण चार्ल्स बेनियनने १९२८ मध्ये पार्क विकत घेऊन लोकांना दिलं ना? मालक बदलले तर पद्धतही बदला. आणि ते मुंडकं छाटलेले ओक बघून तर कसंतरीच होतं, नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिचा १५५४ मध्ये शिरच्छेद झाला म्हणून दुःखाने छाटले म्हणे.

खडूस काका:
दंतकथा आहे ती, इथेच तिचं बालपण गेलं म्हणून चिकटली. कोकणात भाताच्या वाफ्यावर जाळायच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात ना, त्यातलाच प्रकार. डोक्याच्या वर छाटलं की नवे फुटवे हरणांच्या तोंडी लागत नाहीत आणि लाकूड पुन्हापुन्हा मिळतं.

माळकरी:
काका सगळं बरोबर, पण शेवटी जीव आहे तो. गर्भनिरोधक इंजेक्शनं द्या.

रानवाट:
शेकडो हरणांतली एकेक मादी गाठून टोचणार कोण, तुम्ही येताय का? 😀

लेस्टरची वहिनी:
हसा. तो शिंगात नेचे अडकवलेला नर, त्यालाही मारणार का, असं पोरगी दोन दिवस विचारतेय. तिला चर आणि बांध समजावून सांगू का आता?