तीन वर्तुळं एका बिंदूत छेदत का नाहीत? भूकंपाचं ठिकाण शोधताना अडले आहे

नमस्कार. भाचीला भूकंपाचा धडा समजावताना एका गणितावर अडले आहे. जाणकारांनी कृपया मदत करा.

सुरुवात छान झाली होती. प्रस्तरभंगाच्या, म्हणजे जमिनीखालच्या खडकातल्या मोठ्या तड्याच्या, दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे अडून राहतात, ताण साठत जातो, आणि घर्षणाला तो पेलेनासा झाला की खडक झटक्यात सरकतात. त्यातून पी आणि एस लहरी एकदमच निघतात. पी दाबत-ताणत पुढे पळते, एस आडवी हलवत मागून येते. जितकं लांब जाल तितकी एस मागे पडते. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजतो तसंच, म्हटल्यावर तिला लगेच पटलं.

पीचा वेग सेकंदाला ६ किमी आणि एसचा ३.५ किमी धरला. म्हणजे दर किलोमीटरला एस साधारण ०.११९ सेकंद मागे पडते, आणि १ सेकंदाचा फरक म्हणजे ८.४ किमी अंतर. सरावाच्या पानावर तीन ठिकाणचे फरक दिले आहेत: ५, ८ आणि १० सेकंद. अंतरं आली ४२, ६७ आणि ८४ किमी. त्या तीन ठिकाणांभोवती तेवढ्याच त्रिज्येची तीन वर्तुळं कंपासनं नकाशावर काढली, तर ती एका बिंदूत न भेटता एकमेकांवर चढली आणि मध्ये फुगीर बाजूंचा छोटा त्रिकोण उरला. पेन्सिलीला टोक काढून दोनदा पुन्हा काढलं, तरी तेच. "मग भूकंप नक्की झाला कुठे?" असं तिनं विचारलं. त्रिकोणाच्या मधोमध, असं मी सांगितलं खरं, पण ते माझं मलाच पटलेलं नाही. चूक कुठे होते आहे?

प्रतिसाद १
ताई, तुमचं गणितही बरोबर आहे आणि कंपासही. फक्त ते ४२ किमी अंतर कुठपर्यंतचं आहे ते बघा. लहर निघते जमिनीखालच्या नाभीतून, आणि नकाशावर तुम्ही शोधताय अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या बरोबर वरचा पृष्ठभागावरचा बिंदू. काटकोन त्रिकोण काढा. ४२ हा कर्ण, खोली ही उभी बाजू, आणि कंपासमध्ये घ्यायचं अंतर ही आडवी बाजू. कर्णच त्रिज्या म्हणून घेतला की तिन्ही वर्तुळं गरजेपेक्षा मोठी होतात आणि एकमेकांवर चढतात.

खोली २० किमी धरली तर ४२ चे ३७ होतात, ६७ चे ६४ आणि ८४ चे साडेएक्क्याऐंशीच्या आसपास. जवळच्या ठिकाणाचं वर्तुळ सगळ्यात जास्त आक्रसतं, म्हणून खोली ठरवायला जवळचं नोंदणी केंद्र फार मोलाचं असतं. वेगवेगळ्या खोल्या घेऊन बघा. जिथे तिन्ही वर्तुळं भेटतील ती नाभीची खोली.

धागाकर्ती
खूप खूप आभार! लगेच करून पाहिलं. १० किमीला त्रिकोण बारीक झाला, १५ ला पेन्सिलीच्या टोकाएवढा उरला, आणि २० ला वर्तुळं एकमेकांपासून सुटून मध्ये फट पडली. म्हणजे १५ च्या आसपास. आपण जमिनीखालची खोली कागदावर मोजली, याचं भाचीला केवढं अप्रूप वाटलं! आता तिचा पुढचा प्रश्न: सरकतात ते मोठाले खडक, मग भूकंप एका बिंदूत कसा मावतो?

प्रतिसाद २
मावत नाहीच. आपण दोन्ही लहरींचं पहिलं आगमन मोजतो, म्हणून हाती लागतो तो खडक जिथे सरकायला लागला तो बिंदू. तिथून भेग प्रस्तरभंगावर पसरत जाते, बहुधा सेकंदाला २ ते ३ किमी वेगानं. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात सॅन अँड्रियास प्रस्तरभंग सुमारे ४७० किमी लांबीवर सरकला. २००४ च्या सुमात्राच्या भूकंपाचं अपिकेंद्र सुमात्राच्या उत्तर टोकाजवळच्या समुद्रात होतं, पण भेग तिथून उत्तरेला अंदमानपर्यंत, सुमारे १,३०० किमी धावली. त्याला दहाएक मिनिटं लागली. अशा वेळी अपिकेंद्रापासून लांब असलेलं गावही भेगेच्या अगदी जवळ असू शकतं. हे तिला जरूर सांगा.

प्रतिसाद १
एक राहिलं. ८.४ चा हिशोब जवळच्या भूकंपांपुरताच ठेवा. लांबून येणाऱ्या लहरी खाली प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, शिरतात, तिथे वेग वाढतो आणि वाट वाकते. त्यासाठी अंतरानुसार प्रवासवेळेची कोष्टकं असतात. जेफ्रीज आणि बुलेन या भूकंपशास्त्रज्ञांची १९४० ची कोष्टकं कितीतरी वर्षं जगभर वापरात होती.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. तिनं तो "मधोमध" काढलेला ठिपका खोडून नवा काढला आहे, आणि शेजारी लिहिलं आहे: "१५ किमी खोल. इथून सुरुवात."