घरचे गोड ब्रेकफास्ट रोल : पीठ मळण्यापासून सगळं करणाऱ्यांनो, अनुभव लिहा

दालचिनीचे म्हणा, वेलचीचे म्हणा, नुसते बटर-साखरेचे म्हणा, पण यीस्टचं गोड पीठ मळून, लाटून, सारण पसरून, सुरळी करून, कापून भाजलेले रोल घरी कोण कोण करतं? रेसिपी ढिगाने मिळतात. त्यात "तासभर फुगू द्या" असं बिनधास्त लिहिलेलं असतं आणि आपल्या ओट्यावर तो गोळा दोन तास ढिम्म बसून असतो, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

माझं दुखणं वेळेचंच आहे. मळणं, पहिलं फुगणं, लाटणं-कापणं, दुसरं फुगणं, मग भाजणं, असं सगळं धरून चार तास कुठे जात नाहीत, म्हणजे आठला नाश्ता हवा तर पहाटे चारला उठा. हे प्रकरण सकाळी खायचं असं ज्याने कोणी ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

माझं प्रमाण देऊन ठेवते म्हणजे बोलायला बरं. मैदा ५०० ग्रॅम, दूध २४० मिली, अंडं १, साखर ७० ग्रॅम, बटर ८० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. सारणाला बटर १०० ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, दालचिनी पावडर २ मोठे चमचे. यात १२ रोल होतात. आता तुमचं कसं जमतं, कुठे अडतं, कशावर तुम्ही हटून बसता ते लिहा, लांबण लागली तरी चालेल.

*

पहाटे चारला? अजिबात गरज नाही. रात्री रोल कापून ट्रेमध्ये लावायचे, वरून क्लिंग फिल्म घट्ट आणि ट्रे थेट फ्रिजमध्ये. ४ अंशांच्या आसपास यीस्ट मरत नाही, नुसतं पेंगतं, आणि त्या पेंगण्यात पिठाला चव येते ती वेगळीच, हे मी शपथेवर सांगेन. सकाळी उठल्या उठल्या ट्रे बाहेर काढायचा आणि तास-दीड तास त्याच्याकडे बघायचंही नाही. आपलं आवरून होईस्तो ते फुगतात. गारढोण रोल तसेच ओव्हनमध्ये ढकलले तर कडा कडक आणि मधे कच्चं, मग म्हणायचं रेसिपी वाईट.

घाई असली तर ट्रे बंद ओव्हनमध्ये (चालू नाही करायचा हां) आणि खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचं भांडं. आतली हवा उबदार आणि दमट होते, काम लवकर होतं. मग ट्रे आणि भांडं दोन्ही काढून ओव्हन तापवायला लावायचा. फक्त रात्रीचे म्हणजे रात्रीचेच, पुढची दुपार उजाडेपर्यंत फ्रिजमध्ये विसरलात तर आंबूस वास येतो आणि भाजताना चपटे बसतात.

*

वरच्यांशी अर्धी सहमत. मी रोल नाही, अख्खा गोळाच फ्रिजमध्ये ठेवते, पहिलं फुगणं तिथेच. कारण असं की गार झाल्यावर पिठातलं बटर घट्ट होतं आणि लाटणं इतकं सुखाचं होतं की विचारू नका. कोपरे काढता येतात, लाटणं चिकटत नाही, सुरळी हातात धरवते. ऊबदार गोळा लाटायला घ्याल तर तो रबरासारखा मागे जातो, तुम्ही लाटा आणि तो आखडणार. सकाळी दोनेक तास लागतात हे खरं, पण सुट्टीच्या दिवशी नऊ-साडेनऊचा नाश्ता आमच्याकडे चालतो.

*

मी हातानेच मळते, मशीन घ्यायचं नाही असं ठरवून. मळण्याबद्दल थोडं लांबण लावते कारण सगळी मेख तिथेच आहे.

बटर आधी घालायचं नाही. ते पिठाच्या कणाकणाला चिकटून बसतं आणि मग ग्लूटेनची (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची) जाळी धरायला वेळ लागतो. बाकी सगळं एकत्र करून पाच-सहा मिनिटं मळायचं, झाकून वीस मिनिटं सोडून द्यायचं. या वीस मिनिटांत पीठ स्वतःच पाणी पितं आणि निम्मं काम फुकटात होतं. मग मऊ बटर, एकेक चमचा. पहिला चमचा गेला की सगळं बिनसतं. मघाशी छान गोळा होता तो आता तुटक तुटक, बुळबुळीत, बोटांमध्ये, ओट्यावर, मनगटापर्यंत. बहुतेक जण नेमके इथेच मैद्याचा डबा उघडतात आणि तिथेच रोल कोरडे होणार हे ठरून जातं. डबा बंद ठेवा. हाताशी स्क्रेपर ठेवा, ओट्यावरचं खरवडून परत गोळ्यात ढकला, आणि मळत राहा. तळव्याने पुढे ढकलायचं, दुमडायचं, पाव फेरा फिरवायचं. आठ-दहा मिनिटांनी ओटा आपोआप स्वच्छ व्हायला लागतो आणि गोळा आपटला की 'थप्प' असा भरीव आवाज येतो. मग लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांनी हळूहळू ताणायचा, पडदा इतका पातळ व्हायला हवा की पलीकडच्या बोटांच्या रेषा दिसतील. फाटला आणि भोकाच्या कडा दातेरी असल्या तर अजून मळा, कडा गुळगुळीत असल्या तर झालं.

*

हे सगळं वाचून आनंद झाला पण कोणी तापमान का मोजत नाही? मी जरा काटेकोर माणूस आहे त्यामुळे सांगून टाकतो, रागावू नका.

धागाकर्तीचा गोळा तासाभरात का फुगत नाही ते त्यांच्याच प्रमाणात दिसतंय. ५०० ला ७० म्हणजे साखर मैद्याच्या १४ टक्के झाली. साधारण १० टक्क्यांच्या वर गेलं की साखर यीस्टच्या तोंडचं पाणी पळवते (अक्षरशः, ऑस्मोसिस) आणि यीस्ट मंदावतं. वर बटर आहे, अंडं आहे. अशा जड पिठाला दीड-दोन तास लागले तर त्यात काही बिघडलेलं नाही. गोड पिठासाठी वेगळं, साखर सोसणारं इन्स्टंट यीस्ट मिळतं, वारंवार करत असाल तर ते घ्या, फरक पडतो.

दुसरं, दूध. ३५ ते ३८ अंश म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर गरम-गार काहीच कळू नये इतकं. ५५-६० ला यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट बघा. तिसरं, दालचिनी सारणातच ठेवा, पिठात ढीगभर घालू नका. तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड यीस्टला दाबतं. वेलचीचा असा त्रास मला जाणवलेला नाही, ती पिठात खुशाल घाला, ताजी कुटून.

आणि घड्याळ बघू नका हो. सरळ उभ्या बाजूंच्या पारदर्शक डब्यात गोळा ठेवा, बाहेरून रबरबँड लावा जिथे पीठ आहे तिथे, आणि दुप्पट झालं की झालं. खोली २० अंश आहे की ३० यावर वेळ निम्मा किंवा दुप्पट होतो, रेसिपी लिहिणाऱ्याला तुमची खोली काय माहीत.

*

दुसऱ्या फुगण्याला दुप्पट नको पण! तिथे बोटाने हलकेच दाबायचं. खड्डा हळूहळू आणि अर्धाच भरून आला तर ओव्हनमध्ये, झटकन भरला तर अजून थांबा, भरलाच नाही तर पळा.

*

आमच्याकडे अंडं चालत नाही आणि अंड्याशिवाय रोल दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात ही तक्रार मीही खूप ऐकली. उपाय टँगझाँग. एकूण मैद्यातला २५ ग्रॅम आणि दुधातलं १२५ मिली (१ ला ५ हे प्रमाण लक्षात ठेवा) मंद आचेवर ढवळत राहायचं, ६५ अंशांना खळ घट्ट होते, थर्मामीटर नसेल तर चमच्याची रेघ तळाशी क्षणभर टिकली की उतरवा. पूर्ण गार करून मग पिठात. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे रोल तिसऱ्या दिवशीही लुसलुशीत. अंड्याचं जे पाणी कमी होतं तेवढं दूध, दोन-तीन मोठे चमचे, वाढवायचं. अंड्याचा तो पिवळसर रंग आणि किंचित भरीवपणा येत नाही हे मान्य. पण तो कोणाला आठवतोय खाताना.

*

सारण वाहून जाऊन तळाशी कडक टॉफी होते त्यावर कोणी बोललंच नाही अजून.

वितळलेलं बटर ओतायचं नाही, ते सुरळीच्या टोकातून बाहेर पळतं. मऊ बटर, ब्राउन शुगर, दालचिनी आणि एक मोठा चमचा मैदा किंवा कॉर्नफ्लोअर एकत्र फेटून पेस्ट करायची आणि ती पसरायची, लांबची एक कड बोटभर मोकळी सोडून. ती मोकळी कड चिकटवायला लागते. सुरळी घट्ट हवी पण आवळायची नाही, आवळलेल्या रोलचा मधला भाग भाजताना शंकूसारखा वर येतो.

कापायला सुरी घेऊच नका, चेपटतात. बिनवासाचा डेंटल फ्लॉस किंवा जाड शिवणदोरा. सुरळीच्या खालून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून ओलांडायची आणि खेचायचं, गोल जसाच्या तसा सुटून येतो. हे करताना जो आनंद मिळतो तो खाण्यात पण नाही.

*

+१ दोऱ्याला. आणि ते वरून ओतायचं आयसिंग कोणाला खरंच आवडतं? इतकं सुंदर सारण करायचं आणि वर साखरेचा लपका. मी गरम रोलवर दूध-साखरेचा पातळ पाक ब्रश करतो आणि थांबतो.

*

आयसिंगवाल्या पार्टीकडून निषेध नोंदवून घ्या. क्रीम चीज, थोडं बटर, चिमूटभर मीठ, लिंबाचे दोन थेंब, साखर कमी. आंबटपणा असेल तर ते ओझं नाही, उलट गोडाला धार येते. निम्मं रोल गरम असताना, ते आत मुरतं, आणि निम्मं कोमट झाल्यावर, ते वर राहतं.

*

छोट्या ओटीजीवाल्यांसाठी. वरचा रॉड फार जवळ असतो त्यामुळे दहा-बारा मिनिटांत वरून तपकिरी आणि आत पीठ. ट्रे खालच्या खोबणीत, रंग आला की वर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाकायची. १७५-१८० अंश, २२ ते २८ मिनिटं. काळा टिन असेल तर १०-१५ अंश कमी, तो उष्णता जास्त ओढतो. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास टाकू नका, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. आणि झालेत की नाही ते कोपऱ्यातल्या रोलवरून ठरवू नका, मधल्या रोलच्या मध्यात टोचून ८८-९० अंश दिसले की काढा.

*

मी बहात्तरीचा आहे, रिटायर झाल्यावर हे खूळ लागलं. बोटं दुखतात, त्यामुळे वर ताईंनी लिहिलंय तसं मळणं मला शक्य नाही. मी काय करतो, सगळं (बटर वितळवून, कोमट करून) एका मोठ्या भांड्यात चमच्याने कालवतो, झाकतो, आणि दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने एक कड उचलून मधे दुमडतो, भांडं फिरवत चारही बाजूंनी. असं तीन-चार वेळा. मधल्या वेळात माझं शब्दकोडं होतं. मग रात्रभर फ्रिज. पडदाबिडदा बघत बसत नाही, पण पीठ पहिल्या दुमडीला पळीवाढं असतं आणि शेवटच्या दुमडीला हातात उचलून येतं, हे दर वेळी बघायला मजा वाटते.

*

काका, हे फार भारी आहे. एक शंका, दुमडायचं त्या दोन तासांत पीठ फुगून जात नाही का? मग रात्रभर फ्रिजमध्ये जास्त नाही होत?

*

यीस्ट निम्मं घालतो ना. ७ ऐवजी साडेतीन ग्रॅम. माझ्याकडे वेळच वेळ आहे.

*

पूर्ण गव्हाच्या पिठाचे कोणी केलेत? सगळे मैद्यावरच लिहितायत.

*

निम्मं-निम्मं करा, पूर्ण नको. कोंड्याचे कण ग्लूटेनची जाळी कापतात आणि पाणीही जास्त पितात, त्यामुळे दूध ३०-४० मिली वाढवून, कालवून अर्धा तास तसंच ठेवायचं, मग मळायचं. चव छान खमंग येते पण ते पदर सुटत सुटत उलगडणं येत नाही. पौष्टिक म्हणून करणार असाल तर १५० ग्रॅम ब्राउन शुगरकडे कानाडोळा करावा लागेल :)

*

उरलेल्या रोलचं लिहिते. भाजलेले रोल फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिजच्या तापमानाला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो, बाहेर डब्यात दोन दिवस बरे राहतात. क्रीम चीजवाल्यांची इथे पंचाईत आहे कारण ते बाहेर टिकत नाही, म्हणून आयसिंग वेगळ्या बाटलीत फ्रिजमध्ये आणि खाताना वर. जास्त असतील तर पूर्ण गार करून, एकेक गुंडाळून फ्रीझर. आदल्या रात्री बाहेर काढायचे, सकाळी फॉइलमध्ये १५० अंशांना दहा-बारा मिनिटं. मायक्रोवेव्ह केलात तर २० सेकंद आणि लगेच खा, पाच मिनिटांनी त्याचा दगड होतो.

*

धन्यवाद सगळ्यांना! यीस्ट निम्मं, दुमडत ठेवायचं, रात्री फ्रिज, असं काकांच्या पद्धतीनेच शनिवारी करतेय. काका, दुमडताना हात पाण्याने ओले की तेलाने?

*

पाण्याने. तेलाने दुमडी एकमेकांना चिकटत नाहीत.