जुनं फर्निचर, नवा रंग: नागपूरकरांनो, तुमचं काय जमलं आणि काय फसलं?

दोन वर्षांपूर्वी मानेवाडा रोडला भाड्याच्या घरात आलो तेव्हा सामान म्हणजे गॅस, दोन गाद्या आणि कूलर. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली. त्यांच्याकडून लिहायचं टेबल १८०० रुपयांत मिळालं, दोन लाकडी खुर्च्या त्यांनी तशाच देऊन टाकल्या. टेबल दणकट होतं, पण चॉकलेटी रंगावर चहाच्या कपांची वर्तुळं. म्हटलं रंगवून टाकू, एका रविवारचं तर काम.

रविवार निघाला मे महिन्यातला. टेबल गच्चीवर नेलं, फडक्याने पुसलं आणि सकाळी अकराला निळा ऑईल पेंट मारायला घेतला. ब्रश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईस्तोवर पहिलं टोक ओढायला लागलं होतं. कमी वाटलं तिथे पुन्हा ब्रश फिरवला, तर खालचा रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन आला. दुपारपर्यंत टेबलभर सुरकुत्या. वरचा पापुद्रा कडक, आत बोट घातलं तर ओलं. संध्याकाळी सासूबाई वर आल्या, टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुरड्या घातल्यास का गं?" ड्रॉवर मी रंगवून लगेच बंद केला होता. तो पुढे गणपतीपर्यंत उघडलाच नाही.

ऑक्टोबरात सगळं खरवडून, प्रायमर (रंग धरावा म्हणून त्याच्या खाली द्यायचा हात) लावून, सावलीत पुन्हा रंगवलं. आता ठीक दिसतं. पहिल्या खेपेला ४२० रुपये गेले, दुसऱ्या खेपेला ६५०. खुर्च्यांना हात लावायची हिंमत अजून झालेली नाही.

वर आपला भाग लिहा, आणि तुम्ही काय घेतलं, कितीत पडलं, काय बिघडलं ते सविस्तर सांगा. नुसतं "छान झालं" नको.

महाल

माझा अनुभव रंग चढवण्याचा नाही, उतरवण्याचा आहे. चालत असेल तर वाचा.

आमच्या गल्लीतला वाडा पाडला तेव्हा दारं, खिडक्या, तुळया सगळं विकायला निघालं. त्यात एक बंगई होती. (पुण्या-मुंबईकडचं कोणी वाचत असेल तर, बंगई म्हणजे झोपाळा.) पाट आणि चारही कड्या मिळून २५०० ला घेतली. पाटावर हिरवा रंग, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा हिरवा, त्याखाली लाल. घरातल्या प्रत्येक लग्नाला एक हात, असा हिशोब असावा. पण उचलायला दोन माणसं लागली, तिथेच मला शंका आली.

पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो तर सून धावत आली. म्हणाली, बाबा, जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसं असतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. हे थर तर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडं घासलं की ती धूळ घरभर, आणि आमचा दीड वर्षाचा नातू जमिनीवर सापडेल ते तोंडात घालतो. मग नातवाची रवानगी आठ दिवस आजोळी. मी मास्क आणि रबरी मोजे घालून अंगणात बसलो. पेंट रिमूव्हर लावला की दहा-पंधरा मिनिटांत रंग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुटतो. तो लांबीच्या (भोकं-खड्डे भरायच्या पुट्टीच्या) पट्टीने खरवडून वर्तमानपत्रावर घेतला, पिशवीत बांधून टाकला, जाळला नाही. राहिलेलं पाणी लावून वॉटरपेपरने घासलं.

लालच्या खाली सागवान निघालं. सरळ रेषांचं, हाताला किंचित तेलकट लागणारं. त्यावर मी काय रंग मारणार! चपडी लाख (पॉलिशसाठी मिळते ती, पातळ पापुद्र्यांची) रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवली, सुती फडक्यात कापसाचा बोळा बांधला आणि पातळ पातळ बारा-चौदा हात फिरवले. घाई एवढीच झाली की हे सगळं जुलैत केलं. एका दिवशी झड लागली आणि पॉलिश दुधाळ पडलं. उघडीप मिळाल्यावर नुसत्या स्पिरिटचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवला, तेव्हा निवळलं.

कड्या चिंचेने घासल्या, पितळ निघालं. सागवानावर ऑईल पेंट मारणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही.

त्रिमूर्तीनगर

काका, माफ करू नका, पण ऐकून तर घ्या. माझ्या आलमारीचं दार सागवानाचं, कप्पे प्लायचे, आणि पाठीला कोणत्या तरी खोक्याच्या फळ्या. आधीच्या मालकाने जसं मिळालं तसं ठोकलं होतं. पॉलिश केलं असतं तर गोधडी दिसली असती. राखाडी रंग मारला, एकजीव झाली. आलमारी १२०० ची, रंगाचा खर्च ५०० च्या आत.

कामठी

आमच्याकडे कॅन्टोन्मेंटमधून बदल्या होतात तेव्हा काळ्या लोखंडी पेट्या निघतात. मी दोन घेतल्या, ७०० ला एक. वर गादी टाकून खिडकीपाशी बसायला केल्या, आत हिवाळ्याच्या रजया.

लोखंडाचं काम लाकडापेक्षा सोपं, असं माझं मत. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, मग पॉलिश पेपर, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून लगेच रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा गंजरोधक प्रायमर. "लगेच" मुद्दाम लिहिलंय. मी पहिली पेटी पावसाळ्यात घासून रात्रभर तशीच ठेवली, सकाळी त्यावर केशरी झाक. पुन्हा घासावी लागली. रेड ऑक्साइड एक दिवस वाळू दिला आणि मोरपंखी ऑईल पेंटचे दोन हात मारले. अर्धा लिटर रंग दोन्ही पेट्यांना पुरून उरला.

झाकणावर आधीच्या मालकाचं नाव आणि हुद्दा पांढऱ्या अक्षरांत होता. मी अक्षरं घासली, पण पुरती नाही. दिवसा काही दिसत नाही. रात्री ट्यूबलाइट तिरपी पडली की मोरपंखी रंगाखालून सुभेदारसाहेब उठून दिसतात. मुलीने तर त्यांना नमस्कार करायची सवयच लावून घेतली आहे. आता मीच पुन्हा घासू देत नाही.

बजाजनगर, रूमवर राहणारा

आम्ही तिघं राहतो. सिनियर कॉलेज सोडून जाऊन राहिले होते, त्यांच्याकडून पुस्तकांचं रॅक ३०० रुपयांत उचललं. सनमायका लावलेलं, मस्त गुळगुळीत. मी म्हटलं एवढं गुळगुळीत आहे तर घासायचं काहून? डायरेक्ट पांढरा मारला. भारी दिसलं! मग पट्टे मारायचे म्हणून चिकटपट्टी लावली. पट्टी ओढली तर तिच्यासोबत रंग पण निघून आला, केळीच्या सालासारखा, हातभर लांब.

मग हार्डवेअरवाल्या भाऊने समजावलं. सनमायकाला रंग धरायला जागाच नसते. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढ, २२० नंबरच्या पेपरने चमक मार, आणि प्रायमर साधा लाकडाचा नको, गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा माग. तो महाग होता, तिघांत वर्गणी काढली. रॅक ३०० चं, त्यावर खर्च ७८०. हिशोब विचारू नका.

सक्करदरा

माझं फसलेलं सांगते. बुधवार बाजारातून येताना एका कबाड्याकडे लाकडी स्टूल दिसला, १५० ला घेतला. कुठेतरी वाचलं होतं की जवसाचं तेल लावलं की लाकूड सुंदर दिसतं. आपल्याकडे जवसाची काय कमी? चटणी रोजची, तेलही घाण्यावरचं घरात होतं. चांगलं चोपडलं. दिसला खरंच सुंदर. पण वाळेचना. आठ दिवस झाले, पंधरा झाले, हात लावला की चिकट. एप्रिलची धूळ सगळी त्यावर येऊन बसली. शेवटी स्टूलला केस आले म्हणून सगळे हसायला लागले. आता काय करू?

नंदनवन, पेंटर

ताई, ते खायचं तेल आहे, कच्चं. ते वाळायला महिना-महिना घेते. दुकानात "डबल बॉइल्ड" लिनसीड, म्हणजे रंगकामाचं जवसाचं तेल मागायचं, त्यात वाळायसाठी औषध असते. ते पण चोपडायचं नाही. लावायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. तुमचा स्टूल टर्पेंटाइनच्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, सुटेल.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. लिनसीडचं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. ते वाळता वाळता आपोआप गरम होते आणि पेट घेऊ शकते. माझ्या एका साईटवर असं फडकं डब्यात धुमसत होतं, वास आला म्हणून कळलं. दोरीवर मोकळं वाळत टाका, नाही तर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आता आलोच आहे तर थोडं सांगून देतो. मी ३१ वर्षं हेच काम करून राहिलो. लोक रंगाच्या कंपनीबद्दल विचारतात, घेताना मात्र वस्तू उलटी करून कोणी पाहत नाही. ड्रॉवर बाहेर काढा, तळ पाहा. पायाशी बारीक पिठासारखा भुगा पडला असेल आणि टाचणीएवढी भोकं असतील तर भुंगा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा आहे. पायाच्या टोकाला पेचकस दाबा, आत गेला तर वाळवीने पोखरलं. असा माल फुकट दिला तरी घरात आणू नका, बाकीच्या लाकडाला लागते. नुसते सांधे हलत असतील तर घाबरू नका. जुना डिंक खरवडून फेविकॉल भरा, दोरीने करकचून बांधा, एक रात्र ठेवा.

घासताना आधी ८० नंबरचा जाडा पेपर, मग १२०, मग बारीक २२०. घासायचं लाकडाच्या रेषेनं, आडवं नाही. भोकं, खड्डे लांबीने भरा, वाळली की पुन्हा घासा, मग प्रायमर, आणि प्रायमरवर पण एक हलका पेपर. गाठ असेल तिथे लाखेचा एक हात आधी द्या, नाही तर पांढऱ्या रंगातून सहा महिन्यांनी पिवळा डाग वर येते. ऑईल पेंट दोन पातळ हात, मधे एक रात्र. जाड एक हात मारला की पोट फुगते. वाळला म्हणजे कडक झाला असं नाही. आठवडाभर त्यावर काही जड ठेवू नका, ड्रॉवर अर्धा उघडा ठेवा.

उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे, सावलीत, घरात. पण कूलरसमोर नाही. तो ओली हवा मारते आणि खसच्या काड्या उडवते. एका बाईंच्या दिवाणावर मी खसचे तुकडे चिमट्याने वेचले आहेत. माझ्या मते दसऱ्यानंतर किंवा फेब्रुवारीत करा. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मला फोन करू नका.

हनुमाननगर

फर्निचर नाही, पण उरलेल्या रंगाचं काय करायचं ते सांगते. तान्ह्या पोळ्यासाठी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी मिरवतात, तो) दरवर्षी नवा नंदी कशाला? जावेच्या मुलाचा जुना लाकडी नंदी मागून आणला, एक चाक बदललं, कपाटाचा उरलेला पांढरा रंग अंगाला, शिंगांना लाल. मुलगा त्याला कुठेही चावतो, म्हणून जुना डबा वापरला नाही. वर शिसंविरहित लिहिलेलाच रंग होता. झूल माझ्या जुन्या पैठणीच्या काठाची. बक्षीस नाही मिळालं, पण शेजारच्या चार घरांनी नंदी रंगवायला माझ्याकडे आणून ठेवले, तो भाग वेगळा.

धरमपेठ

मी चॉक पेंट घरी करून पाहिला. बाहेर तयार डबा महाग पडतो. एक वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस, एक वाटी पाणी, तीन वाट्या भिंतीचा इमल्शन. आधी प्लास्टर पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत घोटायचं, मगच रंग घालायचा. मी उलटं केलं, तर उपम्यासारखं झालं. दुसऱ्यांदा बरोबर केलं, पण एकदम मोठा घाणा कालवला, आणि दिवस एप्रिलचे. अर्धा टिपॉय होईस्तोवर मग्यातला रंग दगड. मगाच फेकावा लागला.

याचा फायदा म्हणजे घासायचं काम कमी आणि वास जवळजवळ नाही, फ्लॅटमध्ये बरं पडतं. दिसतंही मॅट, जुन्या धाटणीचं. पण वरून मेण किंवा पारदर्शक वार्निश हवंच. मी मेण लावलं. पाहुण्यांनी गरम चहाचा स्टीलचा पेला ठेवला, पांढरं वर्तुळ उमटलं. म्हणून टिपॉयला वार्निशच लावा, मेण आरशाच्या चौकटीसाठी ठेवा.

मानेवाडा रोड (पुन्हा मीच)

पेंटरभाऊ, तुमचं वाचून आत्ता खुर्च्या उलट्या करून पाहिल्या. एकीच्या पायाशी भोकं आहेत, पण भुगा नाही. ठोकून झटकलं, काही पडलं नाही. जुनी भोकं असावीत का? दुसरी नुसती हलते. सासूबाई म्हणतात, आधी ती हलणारी बांध, रंगाचं दसऱ्यानंतर पाहू, आणि या वेळी गच्ची कुरड्यांसाठी मोकळी ठेव.

नंदनवन, पेंटर

खुर्ची काळ्या कागदावर आठ दिवस ठेवा. कागदावर पीठ पडलं तर भुंगा जिवंत आहे, नाही पडलं तर जुनी भोकं. लांबी भरून टाका.

बजाजनगर, रूमवर राहणारा

ताई, पीठ नाही पडलं आणि तरी कंटाळा आला, तर त्या दोन्ही खुर्च्या मला द्या. आमच्याकडे तिघांत एकच आहे. घासून मी घेतो.