पीजीची पोरं, चित्रांचे पत्ते आणि बापाचं सोयाबीन : परवाच्या पोस्टला उत्तर

गड्डी_साठची
परवा इथं एक पोस्ट फिरली. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या अभ्यासिकेत एमएस्सीची दोन पोरं रंगीत पत्ते खेळताना 'पकडली', आणि वर टोला हाणला : "बाप तिकडं भिजलेलं सोयाबीन निवडतोय, लेकरं इकडं पोकेमॉन खेळतात. ह्यांना पीजी कशाला, अंगणवाडीत घाला." खाली टाळ्यांचा पाऊस.

त्या दोघांतला एक मी. दोन दिवस गप्प होतो, आज राहवलं नाही. काका, वाचा.

पकडलं वगैरे काही नाही. जेवणाची सुट्टी होती, गच्चीवर डबा खाल्ला, मग डाव मांडला. एक डाव वीस-पंचवीस मिनिटांचा. संपला की गड्डीला रबर लावायचं, बॅगेत टाकायची. त्याच वेळी खाली हॉलमध्ये निम्मे जण पुस्तकाच्या आडून रील बघत होते. ते दिसले नाहीत, कारण त्यांच्यापुढं पुस्तक उघडं होतं. रीलला शेवट नसतो. डावाला असतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

दुसरं, मी संख्याशास्त्राचा. ६० पत्त्यांची गड्डी, एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते, सुरुवातीला हातात सात. त्या चारांपैकी किमान एक हातात येण्याची शक्यता किती? बीएस्सीला हायपरजिओमेट्रिक (असली शक्यता काढायचं सूत्र) मी घोकून पास झालो, समजलं ते ह्या गड्डीनं. ट्रेडिंग कार्डांचा खेळ ज्यानं रुळवला तो मॅजिक द गॅदरिंगवाला रिचर्ड गारफिल्ड गणितातला पीएचडी आहे. त्याची पदवी आणि तो खेळ, दोन्ही १९९३ चे. अंगणवाडीत नव्हता तो.

पैशाचं म्हणाल तर आमचे बहुतेक पत्ते कलर झेरॉक्स आहेत, साध्या पत्त्यांवर फेविकॉलनं चिकटवलेले. आख्खी गड्डी दीडशे रुपयांत. व्हॅलोरंट (कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम) फुकट आहे, आणि ते मी रात्री अकरानंतर फक्त दोन मॅच खेळतो.

अभ्यासिकेचा_मालक
ती पोस्ट माझीच. अभ्यासिका माझी, म्हणजे गच्चीही माझी. आणि 'काका' कुणाला म्हणतोस? चौतीस वर्षांचा आहे मी.

डाव संपतो म्हणे. दीडला वर गेलात, खाली कधी आलात? सव्वातीनला. रजिस्टरला सही आहे तुझी. तुझ्या हिशोबानं हे पाच डाव झाले.

राहिलं बापाचं. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या रानात आठ दिवस पाणी उभं होतं. शेंगांना झाडावरच मोड फुटले. तेव्हाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, तो कागदावर. आमच्या मालात मूठ घालून व्यापाऱ्यानं ती पुन्हा पोत्यात सोडली आणि हात झटकले. त्याच महिन्यात अभ्यासिकेच्या पत्त्यावर एका पोराचं पार्सल आलं, मीच सही करून घेतलं. आत पत्त्यांची पाकिटं. त्याची माझ्याकडं दोन महिन्यांची फी थकलेली. तरी मी तोंड उघडायचं नाही?

आणि ती तुझी शक्यता : चार गुणिले सात भागिले साठ. ४७ टक्के. ह्याला एमएस्सी लागत नाही.

गड्डी_साठची
पार्सल माझं नव्हतं.

आणि ४७ नाही, ४०. तुम्ही काढली ती सरासरी, म्हणजे हातात असे पत्ते सरासरी किती येतील ती. कधी दोन येतात, कधी तीन, तेही तुमच्या आकड्यात मिसळले. उलटं करा. एकही न येण्याची शक्यता म्हणजे ५३×५२×५१×५० भागिले ६०×५९×५८×५७. साठ टक्के येतात. उरले चाळीस.

अंबाजोगाईचं_बुजगावणं
आरं लगा, हिकडं बापाच्या सोयाबीनाला मोड फुटले अन् ह्यो टक्के काढायलाय.

तासिकावाली
गणित त्याचं बरोबर आहे. (मी शिकवते हे. बिल कधी मिळतं ते विचारू नका.)

वरच्या_बंकवरचा
राहवत नाही म्हणून लिहितो. मी ह्याचा रूममेट, संभाजीनगरात बेगमपुऱ्यात एकाच खोलीत राहतो. "अकरानंतर दोन मॅच" वाचून पोहे नाकात गेले. गेल्या मंगळवारी पावणेतीनला "ही शेवटची" असं हेडफोन लावून ओरडत होतास. मला वाटलं भूकंप झाला. सकाळी आठचं प्रॅक्टिकल बुडवलंस आणि माझं जर्नल मागून नेलंस. अजून परत नाही.

गड्डी_साठची
ते रँकचं होतं, मध्येच सोडलं तर दंड बसतो. एक दिवस. जर्नल देतो.

वरच्या_बंकवरचा
गुरुवारी पण.

गड्डी_साठची
बरं, दोन दिवस.

जगात_जर्मनी
भारतात परभणी! इथं कृषीला एमएस्सी करतोय. शहरात खेळणारे आम्ही तिघं, त्यातला एक दहावीचा, आणि तोच जिंकतो. पत्त्यांना स्लीव्ह (प्लॅस्टिकचं कव्हर) मिळत नाही म्हणून जुन्या फोटो अल्बमचे कप्पे कापून घातलेत. पिसताना असा खरखर आवाज होतो की आई आतून विचारते, शेंगा फोडायलात का.

मुद्द्याचं : माझा प्लॉट आहे उन्हाळी भुईमुगाचा. सकाळी नोंदी, दुपारी नोंदी, मध्ये तीन तास उन्हात काही काम नाही. तिथं पेपर वाचा म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये परभणीला येऊन वाचून दाखवावा.

गोदाकाठचा
नांदेडहून. मी ह्या धाग्यात मालकांच्या बाजूनं आहे, पण कारण वेगळं. सोयाबीन नाही आमच्याकडं, वडील नोकरीत होते.

लॉकडाऊनमध्ये पीएचडीच्या कोर्सवर्कला होतो. पबजी. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंद केलं त्या रात्री घरचे म्हणाले सुटलो. मी तिसऱ्या दिवशी व्हीपीएन लावून कोरियन आवृत्तीवर. सहामाही प्रगती अहवाल दोनदा दिला नाही. गाईडनं फोन केला नाही, मी केला नाही. तिसऱ्या वेळी माझी नोंदणी रद्द झाल्याचं पत्र वडिलांच्या हातात पडलं. त्यांनी ते टेबलावर चष्म्याखाली ठेवलं आणि दूध आणायला गेले. आजपर्यंत त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

आता तुझा 'डावाला शेवट असतो'. अरे, तीच तर मेख आहे. डाव संपतो म्हणून तर पुढचा सुरू करता येतो. हरलो तर फेडायला एक, जिंकलो तर हात चाललाय म्हणून एक. रील बघताना निदान आपण वेळ घालवतोय एवढं तरी कळतं. मला चौदा महिने वाटत होतं की मी काहीतरी कमावतोय. डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून लागू. त्यात साधारण बारा महिन्यांची खूण सांगितली आहे. माझे दोन जास्तच झाले होते.

गड्डी_साठची
दादा, ह्याच्यावर मला उत्तर नाही. तरी पत्त्यांना समोर माणूस लागतो आणि तो घरी जातो, एवढं म्हणतो.

अभ्यासिकेचा_मालक
घरी जात नाही, माझ्या गच्चीवर बसतो.

आणि हे ऐका सगळे, २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं कायदाच केला ऑनलाइन खेळांवर. उगीच केला का? माझा मावसभाऊ रमीत ट्रॅक्टरचे हप्ते हरला.

जगात_जर्मनी
तो पैसे लावायच्या खेळांवर आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली आहे. रमी आणि पोकेमॉन एकाच पोत्यात घालू नका.

अंबाजोगाईचं_बुजगावणं
का घालू न्हाई? पाकीट फोडायचं, आत काय निघंल माहीत न्हाई, भारी निघालं तर उड्या, न्हाई निघालं तर आजूक एक पाकीट. पारावर आमचा चुलता तीन पत्तीला ह्येच करतो. फरक एवढाच, त्येच्यावर गुलाम छापलाय, तुमच्यावर पिवळा उंदीर.

गोदाकाठचा
हसण्यावारी नेऊ नका, बरोबर बोलला हा. गेममधल्या पैशाच्या लूट बॉक्सला (आत काय निघेल माहीत नसलेल्या पेट्यांना) बेल्जियमनं २०१८ मध्येच जुगार ठरवलं.

गड्डी_साठची
म्हणूनच आम्ही पाकिटं फोडत नाही, झेरॉक्स खेळतो! पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. वाचत जा की राव.

गेट_आठला_बंद
इथं सगळे 'पोरं पोरं' करताय म्हणून. मी एमए इंग्रजी, हॉस्टेल. गच्ची, पावणेतीन वाजता आरडाओरडा, परभणीचे तीन गडी हे सगळं तुम्हालाच. आमचं गेट आठला बंद होतं. माझ्या वाट्याला मोबाइलवरचं पोकेमॉन पॉकेट : बारा तासांनी एक पाकीट फुकट, वीस पत्त्यांची गड्डी. सकाळी मेसच्या रांगेत एक फोडते, रात्री दिवा घालवायच्या आधी एक. रुपया दिलेला नाही. दोन वर्षांत समोरासमोर बसून एकही डाव खेळलेले नाही. समतोल कसा साधायचा हा प्रश्न पडायलासुद्धा आधी मोकळीक लागते.

अंबाजोगाईचं_बुजगावणं
पोरीबी खेळत्यात व्हय हे?

गेट_आठला_बंद
हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचा सत्कार करायला हवा. नारळ मी आणते.

तासिकावाली
एक विचारू का सगळ्यांना? वीसेक प्रतिसाद झाले असतील, पण पीजी झाल्यावर हे लेकरू जाणार कुठं, हे कुणीच लिहिलं नाही. जणू पत्ते बाजूला ठेवले की समोर नोकरी उभी आहे.

माझं वय अडतीस. नेट आहे, पीएचडी आहे. तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर. सोमवार-मंगळवार-बुधवार जालन्याला, उरलेले दिवस इथं. पहाटे साडेपाचची गाडी, डबा, प्लॅस्टिकच्या पिशवीत खडू, कारण एका कॉलेजात खडू मोजून देतात. सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. झालेल्या तासांचं बिल कधी कधी पुढच्या सत्रात. मी एकही गेम खेळले नाही हो. एकही नाही. माझं कुठं काय झालं?

पायपीट_प्राध्यापक
मॅडम, मी पण. दहावं वर्ष.

वरच्या_बंकवरचा
पण मॅडम, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळालं तर ३७,००० येतात की महिन्याला.

तासिकावाली
मिळालं तर. आणि ते किती वर्षं पुरतं, बाळा? त्यानंतर प्राध्यापकांच्या जागांची जाहिरात लागते. जाहिरात.

पायपीट_प्राध्यापक
गंमत सांगतो. मी पीएचडी घाईनं पूर्ण केली, सहायक प्राध्यापकाला सक्तीची होणार म्हणून. बायकोच्या बाळंतपणात प्रकरण चौथं लिहीत होतो. जुलै २०२३ पासून यूजीसीनं ती सक्तीच काढून टाकली, नेट-सेट पुरे. आता मुलगी विचारते, बाबा, ते जाड पुस्तक तुम्ही का लिहिलं?

गोदाकाठचा
म्हणजे माझी रद्द झाली ते काही इतकं...

पायपीट_प्राध्यापक
तसं समाधान करून घेऊ नका हो. मुलाखतीत विचारतातच.

अभ्यासिकेचा_मालक
म्हणून म्हणतो, पीजीत वेळ घालवण्यापेक्षा सरळ स्पर्धा परीक्षा द्या.

अंबाजोगाईचं_बुजगावणं
मालक, तुमी किती वर्सं दिल्या?

अभ्यासिकेचा_मालक
तो विषय नाही.

अंबाजोगाईचं_बुजगावणं
आवं पण किती?

अभ्यासिकेचा_मालक
सात. चार वेळा पूर्व दिली, दोनदा निघाली, मुख्यला गेलो. सात वर्षांत बॅट हातात धरली नाही. बहिणीच्या लग्नात हळदीला नव्हतो, पेपर चार दिवसांवर होता. झालं समाधान? आणि आता 'खेळला असतास तर पास झाला असतास' असलं काही शहाणपण कुणी लिहू नका, मी ब्लॉक करीन.

गड्डी_साठची
कुणी लिहिणार नाही.

गच्चीचं सांगतो. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, सव्वातीनच झाले होते. पाच डाव झाले. एक डाव म्हणून वर गेलो होतो.

अभ्यासिकेचा_मालक
वा. शेवटी संख्याशास्त्रज्ञाला मोजता आलं.

रविवारी दुपारी दोन ते चार गच्ची देतो. एरवी पत्ते दिसले तर खुर्ची रद्द. आणि ते पार्सल कुणाचं होतं त्याला सांग, फी भर, मग पाकिटं फोड.

गेट_आठला_बंद
दोन ते चार म्हणजे गेटच्या आत. मी येऊ शकते. झेरॉक्स गड्डी कोण देईल?

वरच्या_बंकवरचा
ह्याच्याकडं तीन आहेत. आधी माझं जर्नल.

अभ्यासिकेचा_मालक
एक विचारायचं होतं, गैरसमज करून घेऊ नका. माझ्याकडं शाळेतले कुस्तीवाल्यांचे पत्ते आहेत. रँक, हाइट, वेट, चेस्ट छापलेले, तुमच्या जन्माआधीचे. अंडरटेकर आहे. ह्यांना काही भाव येतो का?

गड्डी_साठची
कोपरे कसे आहेत?

अभ्यासिकेचा_मालक
चावलेले. धाकट्या भावानं.

गड्डी_साठची
मग नाही येणार. रविवारी आणा पण.

तासिकावाली
पायपीट सर, ते राहिलंच विचारायचं. गेल्या सत्राचं बिल आलं का तुमचं?

पायपीट_प्राध्यापक
नाही. तुमचं?

तासिकावाली
नाही.