आधी उतार, मग चढ : ऑस्ट्रेलियातल्या ओढ्याकाठच्या बुशवॉकचे अनुभव

कातळवाट

थंडी ओसरून वॅटलची झाडं पिवळी झाली की सिडनीतल्या मराठी मंडळींकडून एक ठरलेला प्रश्न येतो : "कारलूच्या डोहाला जाऊ म्हणतोय, जमेल ना?" याला हो किंवा नाही म्हणणं अवघड आहे. म्हणून जे जाऊन आलेत त्यांनी इथे लिहा. कारलूच हवं असं नाही. ऑस्ट्रेलियातली कुठलीही ओढ्याकाठची, दिवस खाणारी, घाम काढणारी वाट चालेल. 'खूप मजा आली' एवढंच लिहू नका, कुठे काय झालं ते लिहा.

सुरुवात मी करतो. सिडनीच्या दक्षिण टोकाला रॉयल नॅशनल पार्क आहे. १८७९ साली जाहीर झालेलं, म्हणजे अमेरिकेतल्या यलोस्टोननंतर जगातलं दुसरं जुनं. ही मूळची धारावल लोकांची भूमी. हीथकोट स्टेशनवर उतरायचं, झाडीतून कांगारू क्रीकपर्यंत खाली जायचं, तिथे कारलू नावाचा हिरवागार खोल डोह. ओढा दगडांवरून ओलांडायचा, पलीकडचा कातळ चढून माथ्यावर यायचं, मग उलूला धबधबा आणि शेवटी वॉटरफॉल नावाचं स्टेशन. साधारण १० किलोमीटर, रमतगमत पाच तास. वाटांच्या पाच ग्रेडपैकी (पाच म्हणजे सर्वांत अवघड) हिची ग्रेड चार.

आपल्या सह्याद्रीतल्या पायांना इथे फसायला होतं ते एका कारणाने. आपण पायथ्याच्या गावातून निघतो, सकाळच्या गारव्यात गड चढतो आणि दमलेल्या पायांनी उतरतो. इथे सगळं उलटं. वस्ती, रस्ता, रेल्वे सगळं वालुकाश्माच्या माथ्यावर, आणि ओढ्यांनी तो दगड कापून खाली घळी केलेल्या. त्यामुळे सकाळी ताज्या पायांनी उतार मिळतो, "अरे, हे तर सोप्पं आहे" म्हणत सगळे डोहावर पोचतात, पोहतात, खातात, आणि भरल्या पोटी, भर दुपारी चढ सुरू होतो. माघारी फिरायचं ठरवलं तरी चढच.

चकलीची_आई

तो भरल्या पोटीचा चढ आम्ही जानेवारीत अनुभवला. भाच्यांची पलटण भारतातून आलेली, त्यांना 'जंगलात पोहायचं' होतं. सकाळी नऊला हवा छान होती. डोहाचं पाणी भर उन्हाळ्यातही असं गार की पहिल्या डुबकीला श्वास अडकतो. दोन तास कुणी बाहेर यायला तयार नाही. दुपारी पारा अडतीसवर.

चढ खरं तर फार मोठा नाही, पण त्या कातळाला हात लावून बघा. जिथे हात टेकून वर चढायचं तिथेच तो पोळतो. निलगिरीच्या झाडांची सावली म्हणजे नावाला सावली, पानं लोंबकळती, ऊन सरळ खाली. त्यात सिकाडा किड्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. एका भाच्याने एकच बाटली आणली होती आणि ती डोहावरच संपवली होती. निम्म्या चढावर त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. बूट काढला तर पायाची बोटं एकमेकांवर चढलेली, हाताने सरळ केली तरी परत वळत होती. एका कपारीखाली सावलीत बसवलं, इलेक्ट्रलची पुडी होती ती घोट घोट पाजली, ओला टॉवेल मानेवर. तासभर गेला.

तेव्हापासून आमचा नियम : माणशी तीन लिटर, आणि त्यातलं निम्मं डोह सोडताना शिल्लक हवं. ओढ्याचं पाणी प्यायचं नाही, कितीही नितळ दिसलं तरी. वाटेत नळ नाही.

निवृत्त_गणितमास्तर

मुलाकडे आलो होतो तेव्हा गेलो. वय अडुसष्ट. सूनबाईंनी विचारलं, "बाबा, झेपेल ना?" म्हटलं, नाशिकला रोज सकाळी पांडवलेणी चढतो. पांडवलेण्यांचा इथे काडीचा उपयोग नाही. तिथे पायऱ्या आहेत. इथे एक दगड घोट्याएवढा, पुढचा गुडघ्याएवढा, तिसऱ्यावर बुड टेकवून खाली सरकायचं. हातात काठी होती म्हणून निभावलं.

माझी तक्रार वेगळीच. अख्ख्या वाटेत माणूस नाही! हरिश्चंद्रगडावर जा, कुणीतरी "जेवणाचं काय, पिठलं-भाकरी टाकू का" विचारतो. टाकं असतं, देऊळ असतं, टेकायला ओसरी असते. इथे चार तासांत जी काय पाच-सहा माणसं भेटली ती "हाऊ यू गोइंग" म्हणून उत्तराची वाट न बघता पुढे. कचरा मात्र कुठेही नाही हे कबूल. कचरापेटीही नाही, केळ्याचं सालसुद्धा सूनबाईंनी पिशवीत घालून परत आणायला लावलं.

उलूलाच्या धबधब्याजवळ थालीपिठाचा डबा उघडला तर झुडपातून घोरपड आली. घोरपड म्हणजे आपल्या कल्पनेतली नव्हे. शेपटीसकट माझ्या उंचीची, अंगावर पिवळट पट्टे, जीभ बाहेर काढत सरळ डब्याच्या दिशेने. लेस मॉनिटर म्हणतात, आपल्या घोरपडीच्याच कुळातली. नातू ओरडला, "आजोबा, यशवंती!" तानाजीची गोष्ट मीच सांगितली होती. डबा उचलून उभे राहिलो, ती थोडा वेळ विचार करून झाडावर चढली. खायला घालू नये म्हणतात, नाहीतर सोकावतात.

पाऊलखुणा

मास्तर, ओसरी नाही पण कातळ वाचता आला तर माणसं आहेत. सिडनीच्या आसपासच्या ओढ्यांकाठी सपाट वालुकाश्मावर, पाण्याच्या अगदी कडेला, बोटभर खोल लांबट खोबणी दिसतात, शेजारी शेजारी. दगडी कुऱ्हाडींना धार लावून लावून पडलेल्या. पाण्यात बुडवायचं, कातळावर घासायचं, परत पाणी. आपला जुना पाटा मध्ये झिजतो तशी झीज. काही माहितीफलक नसतो, बहुतेक लोक त्यावर बसून सँडविच खातात. बसू नका, खडूने रेघ ओढून फोटो तर मुळीच काढू नका.

गवतफूल

झाडांबद्दल कुणी बोललंच नाही. उतरताना डावी-उजवीकडची झाडी बदलते तिकडे लक्ष द्या. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेले उतार कोरडे, बँक्सिया आणि गवतझाडांचे. दक्षिणेकडे तोंड केलेले सावलीतले, ओले, नेच्यांचे. हेच दिशेलाही लागू. भारतात दुपारचा सूर्य बहुतेक दिवस दक्षिणेकडे बघायची सवय असलेला माझा नवरा सूर्य बघून वाट सांगायला गेला की बरोब्बर उलटी सांगतो.

वालुकाश्मावर उगवणारं अँगोफोरा झाड वसंतात साल टाकतं आणि आतून गुलाबी-नारिंगी खोड निघतं, हात फिरवला तर थंड लागतं. स्क्रिब्ली गमच्या पांढऱ्या खोडावर कुणी पेन्सिलने गिरगटल्यासारखं दिसतं, ते पतंगाच्या अळ्यांचं काम. १९९४च्या जानेवारीतल्या वणव्यात या पार्काचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जळला होता. आज चालताना पटत नाही. बँक्सियाची लाकडासारखी बोंडं आगीच्या धगीने उघडतात आणि बी सांडतं. जळक्या काळ्या बोंडांना उघड्या तोंडांसारख्या फटी दिसतील, त्या याच.

आणि हो, टोटल फायर बॅनच्या दिवशी चहासाठी छोटी गॅसची शेगडीही पेटवायची नाही. थर्मास न्या. वणव्याचा धोका फार वाढला की पार्कच बंद करतात, निघण्याआधी नॅशनल पार्क्सच्या संकेतस्थळावर बघायचंच.

औषधवाली

मी फार्मसीत काम करते, त्यामुळे माझ्याकडे लोक वाट संपल्यावर येतात. जळवांना सगळे घाबरतात, त्या बिचाऱ्या रक्त पिऊन गळून पडतात. भ्यायचं ते गोचिडीला. पूर्व किनाऱ्यावरची पॅरालिसिस टिक तिळाएवढीही असते, केसांत, काखेत, कानामागे बसते. नखाने किंवा चिमट्याने पकडून ओढू नका, दाबली की ती आणखी लाळ आत सोडते. इथे शिकवतात ते असं : गोठवणारा ईथर असलेला स्प्रे फार्मसीत मिळतो, तो मारायचा, ती जागच्या जागी मरते, आपोआप गळू द्यायची. आधी कधी ॲलर्जी झाली असेल तर हे घरी करत बसू नका.

काहींना गोचीड चावल्यानंतर मटण, बीफ, पोर्कची ॲलर्जी सुरू होते. हा संबंध सिडनीच्याच डॉ. शेरिल व्हॅन न्यूनन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडला. मध्यरात्री अंगावर गांध्या उठतात, कारण जेवणानंतर काही तासांनी त्रास होतो आणि कुणाला मटणावर संशयच येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका कोल्हापूरकरांचं पांढरा-तांबडा दोन्ही बंद झालं. त्यांना जास्त दुःख कशाचं झालं हे सांगायला नको.

सापाचं एका वाक्यात : चावलेली जागा धुवायची नाही, चिरायची नाही, रुंद क्रेप बँडेज चावलेल्या अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळायचं, तो हलू नये म्हणून आधाराला काठी बांधायची, माणसाला चालू द्यायचं नाही, ट्रिपल झिरो म्हणजे ००० या आणीबाणीच्या नंबरवर फोन.

ब्रिस्बेनवासी

क्वीन्सलंडची हजेरी लावतो. लॅमिंग्टन नॅशनल पार्क, बिन्ना बुर्राहून निघणारं कुमेरा सर्किट, १७.४ किलोमीटर. इथे कोरडं झुडूप नाही, पर्जन्यवन. गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या काळातल्या वनस्पतींचे वंशज, आणि भारत त्या भूखंडाचाच तुकडा, तरी ओळखीचं एक पान दिसत नाही. ६४ मीटरचा कुमेरा धबधबा समोरून दिसतो, त्यानंतर वाट नदीच्या काठाने वर जाते आणि नदी पुन्हा पुन्हा ओलांडायला लावते. प्रत्येक वेळी दगड वेगळे, निसरडे. बूट वाचवायचा प्रयत्न सगळे पहिल्या दोन ओलांडण्यांपर्यंत करतात, मग सरळ पाण्यातून.

वाटेच्या मधोमध निळा-पांढरा, काटेरी, वीतभर झिंग्यासारखा प्राणी उभा होता. लॅमिंग्टनचा क्रेफिश. पाऊस झाला की नदी सोडून वाटेवर फिरतात. आम्ही थांबलो तर मागे सरकण्याऐवजी दोन्ही नांग्या वर करून फिस्स केलं. सहा फुटी माणसांनी वाट वाकडी केली.

तिथलं दुसरं प्रकरण म्हणजे स्टिंगिंग ट्री, मोठ्या हृदयाकृती पानांचं. आपली खाजकुयली याच्यापुढे लाडकी वाटेल. पानाचा नुसता स्पर्श झाला तरी आग आठवडे पुरते, गार पाण्याने परत जागी होते. मित्राच्या मनगटाला लागलं होतं. ती लव काढायला मेणाच्या पट्ट्या लागतात, पाय वॅक्स करायच्या त्याच. माझ्या बायकोच्या सॅकमध्ये होत्या, का ते विचारू नका.

सावकाश

आम्ही कारलूहून परत फिरलो, तेही लिहिते. आधीचे तीन दिवस पाऊस होता, त्या दिवशी निरभ्र. एरवी ज्या दगडांवरून ओलांडतात त्यातले दोन दिसतच नव्हते, पाणी चहाच्या रंगाचं, फेस घेऊन जोरात. काठावर एक काडी रोवून ठेवली आणि डबे खाल्ले. अर्ध्या तासात पाणी काडीच्या वर चढलेलं. आलो त्याच वाटेने वर गेलो.

दौडपटू

निरभ्र दिवशी एवढा बाऊ कशाला? पाणी मांडीपर्यंत असेल तर हात धरून जाता येतं. आम्ही लोणावळ्याला पावसाळ्यात याहून वाईट ओलांडलंय.

कातळवाट

दौडपटू, लोणावळ्याला पावसाळ्यात काय होतं ते आपण दर जुलैत वर्तमानपत्रात वाचतो. सावकाशताईंचं बरोबरच होतं. ऊन पडलं तरी वरच्या पाणलोटाचं पाणी उशिरा खाली पोचतं, काडीचा हिशोब तेच सांगत होता. मांडीएवढं वाहतं पाणी चांगल्या दांडग्या माणसाचे पाय उचलतं. पावसानंतर त्या डोहात पोहूही नये. बुडालेले ओंडके जागा बदलतात, म्हणून उड्या तर कधीच नकोत.

दोन गोष्टी राहिल्या. घळीत मोबाइलला रेंज नसते. कुठे जातोय आणि किती वाजता परत येणार ते घरच्यांना सांगून जा, फोनमध्ये इमर्जन्सी प्लस ॲप ठेवा, ते जागेचे अक्षांश-रेखांश दाखवतं. न्यू साउथ वेल्समध्ये काही नॅशनल पार्क कार्यालयांत आणि पोलीस ठाण्यांत पीएलबी, म्हणजे उपग्रहाला संकटसंदेश पाठवणारं यंत्र, फुकट उसनं मिळतं. जूनमध्ये सूर्य पाचच्या आत मावळतो आणि घळीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं, तेव्हा दुपारी एकच्या आत डोह सोडा.

चकलीची_आई

आठ वर्षांच्या मुलीला नेता येईल का? चालायला चांगली आहे, पण कंटाळते.

पाऊलखुणा

डोहापर्यंत आणि परत, एवढंच करा. जाताना अर्धा-पाऊण तास, येताना दुप्पट धरा. कंटाळ्यावर उपाय लायरबर्ड. आमच्या धाकट्याने अर्धी वाट आवाजावरून कुकाबुरा पक्षी मोजले, मग लक्षात आलं की कुकाबुरा, काळा काकाकुवा आणि व्हिपबर्ड हे सगळे आवाज एकाच झुडपातून येताहेत. शेपटी पसरून एकच लायरबर्ड सगळ्यांच्या नकला करत होता. पुढचा तास कुणी "अजून किती लांब" विचारलं नाही. शनिवार-रविवारी कधीकधी रेल्वेचं काम काढलेलं असतं, गाडीऐवजी बस मिळते, तेवढं आदल्या रात्री बघून ठेवा.