आजोबांचा वाईस गंजलाय, चार्जर लावून गंज काढता येईल का?

पडवीकर:
माळा साफ करताना आजोबांचा चार इंची बिडाचा वाईस (काम करताना वस्तू घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा) सापडला. आमचं घर देवगडला, खाडीला लागून. इतक्या पावसाळ्यांत कुणी त्याला तेलाचं बोट लावलेलं दिसत नाही. दांडा जागचा हलत नाही. वेल्डर म्हणतो ॲसिडात बुडवा, पण माझा धीर होत नाही. सोड्याच्या पाण्यात ठेवून बॅटरी चार्जरवर गंज निघतो असं ऐकलंय. प्लास्टिकचा टब, १२ व्होल्टचा चार्जर, खायचा सोडा आणि स्टीलचं जुनं ताट घरात आहे. दुसऱ्या टोकाला ताट चालेल ना?

भंगारप्रेमी:
ताट अजिबात नको! स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं. धन टोकाला लावलं की ते पाण्यात उतरतं आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तयार होतं. ते विषारी, कॅन्सरला कारण होणारं. मग ते पाणी ओतणार कुठे, माडाच्या आळ्यात? बांधकामावरचे साध्या सळईचे तुकडे आणा. जस्त चढवलेला पत्रा किंवा तारही नको.

धुण्याचा सोडा घ्या, दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे. मिळाला नाही तर खायचा सोडा कोरड्या कढईत चांगला तापवा, त्याचाच धुण्याचा सोडा होतो. मीठ मात्र चिमूटभरही टाकू नका, क्लोरीन सुटतो.

काळा चिमटा वाईसला, लाल सळईला. उलट केलंत तर वाईसच झिजेल. काळा चिमटा धराल तिथे कानस मारून उघडं लोखंड दिसू द्या, गंजातून करंट जात नाही. लाल चिमटा पाण्याच्या वर ठेवा. सळईसमोरची बाजूच नीट साफ होते, म्हणून टबात चारी बाजूंनी सळया उभ्या करून तारेने एकमेकींना जोडा. वाईसला त्यातली एकही टेकता कामा नये.

वाईसवरून बारीक बुडबुडे उठले की काम सुरू झालं समजा. तो हायड्रोजन असतो, तेव्हा टब उघड्यावर ठेवा आणि विडीवाल्यांना लांब. आधी मेनचं बटण बंद, मगच चिमट्यांना हात.

जुनासर्किट:
चार्जर नवा ऑटोमॅटिक असेल तर समोर बॅटरी नाही म्हणून सुरूच होणार नाही. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मिळतोय का बघा. बहुतेकांत हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो. पिवळी म्हणजे अधिक १२, काळी म्हणजे ऋण.

पडवीकर:
सळया शेजारी मिळतील. वाईसवर थोडा निळा रंग शिल्लक आहे, तो राहील का? आणि आतल्या आट्यांचं काय? रंध्याचं पातंही सोबत टाकू का?

भंगारप्रेमी:
रंग सुटणार, त्याची आशा सोडा. आट्यांपर्यंत करंट धड पोचत नाही. बाहेरचा गंज गेला की वाईस धुऊन वाळवा आणि आट्यांत पातळ तेल मुरवा. दांडा मोकळा झाला की स्क्रू काढून पुन्हा टबात टाका. तेल आधी घातलंत तर सोड्याचं पाणी लोखंडाला लागतच नाही.

पातं नको. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होऊ शकतं. ते तेल लावून पॉलिश पेपरने घासा.

बाहेर काढल्यावर वर काळा थर दिसेल, तो तारेच्या ब्रशने निघतो. मग लगेच गरम पाण्याने धुवा, उन्हात तापवा आणि गरम असतानाच तेल चोळा. तुमच्या खारट हवेत चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा तांबूस झाक धरेल.