मदत हवी आहे: पेफोनच्या रिसीव्हरमधून वाळूचा घुमार ऐकूच येत नाही

रेतघड्याळ: मंडळी, कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात भर उजाड माळावर जो टेलिफोन बूथ होता (मे २००० मध्ये काढला), त्यावर मांडणशिल्प करतेय. रिसीव्हर उचलला की वाळवंट ऐकू यावं, एवढंच. जुना पेफोन, मूळ रिसीव्हर, आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), डीएफप्लेअर मिनी (एमपी३ वाजवणारं मॉड्यूल), ५ व्होल्ट.

उचलल्यावर ट्रॅक दोन-तीनदा पहिल्यापासून सुरू होतो. मागे बारीक गुणगुण आहे. आणि मुख्य म्हणजे, त्याच वाळवंटातल्या केल्सोच्या वाळूच्या टेकड्यांवर वाळू घसरताना घुमते तो आवाज हेडफोनवर सुरेख येतो, रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. रिसीव्हर बदलायचा नाहीये.

हुकस्विच: रिसीव्हर टांगायच्या हुकमधले स्विचचे पत्रे मिटताना थरथरतात, म्हणून ट्रॅक पुन्हा पुन्हा सुरू होतो. ५० मिलिसेकंद स्थिर राहिले तरच 'उचलला' धरा. 'ठेवला' धरायला अर्धा सेकंद द्या. पत्र्यांमध्ये अल्कोहोलमध्ये भिजवलेला कोरा कागद धरून ओढा. सँडपेपर नको, मुलामा जातो.

गुणगुणीसाठी डीएफप्लेअरच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनेच्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर. त्याच्या स्पीकरच्या दोन पिनांपैकी एकही ग्राउंडला लागता कामा नये. रिसीव्हरच्या पोलादी केबलचं कवच आतल्या तारेला चिकटलंय का, ते मल्टिमीटरने बघाच. ईअरपीसच्या (रिसीव्हरमधल्या छोट्या स्पीकरच्या) तारेत सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाका. डीएफप्लेअरमधला अॅम्प ३ वॅटचा आहे आणि समोर माणसाचा कान आहे.

खर्ज: टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ, ईअरपीस त्यासाठीच बनवलेला. घुमणाऱ्या वाळूचा स्वर साधारण ७० ते ११० हर्ट्झ. ईक्यूने (इक्वलायझरने) बेस चढवला तर पडदा फडफडेल, स्वर येणार नाही.

ट्रॅकची प्रत काढा, १२० हर्ट्झच्या खालचं ठेवा, त्याला जुन्या व्हॉल्व्ह अॅम्पसारखं असमान सॅच्युरेशन (लहरीची वरची आणि खालची बाजू वेगवेगळी दाबणं) द्या, मग २५० च्या खालचं कापून मूळ ट्रॅकमध्ये मिसळा. ९० चा स्वर असेल तर २७०, ३६०, ४५० तयार होतात आणि कान ९० स्वतःच भरून काढतो. सममित क्लिपिंग (दोन्ही बाजू सारख्याच छाटणं) नको, त्यात फक्त विषम पटी येतात आणि स्वर वरचा वाटतो. पिच वर सरकवण्याचा मोह टाळा. मग ती वाळू राहत नाही, पिपाणी होते.

खरा घुमार हवाच असेल तर बूथच्या बाजूच्या फळीला एक्सायटर (फळीलाच थरथरवून आवाज काढणारा स्पीकर) लावा. स्टीरिओ फाइलमध्ये डावीकडे रिसीव्हर, उजवीकडे घुमार. स्पीकरच्या पिनांवर दोन्ही एकत्र येतात, म्हणून डीएफप्लेअरच्या डॅकच्या (अॅम्पआधीचा डावा-उजवा सिग्नल देणाऱ्या) दोन पिनांवरून दोन वेगळे अॅम्प घ्या. टेकलेल्या कोपरातून तो घुमार अंगात येतो.

रेतघड्याळ: एक्सायटर फोनच्या पेटीवरच लावला तर?

हुकस्विच: नको, थरथरीने हुक पुन्हा उघडमीट करेल. पेटीखाली रबर घाला. आणि फाइलच्या सुरुवातीला २ सेकंद शांतता ठेवा, रिसीव्हर कानापर्यंत जायला तेवढा वेळ लागतो.